एकडोळ्याचा खटला

कितेंगा गावात सिनेमाची पारख करायची रीत अगदी सोपी आहे. सिनेमा कुणी काढला, कुठल्या देशात काढला, नट कोण, असल्या फालतू चौकशा कुणी करत नाही. पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो, "व्हीजे कोण?"

व्हीजे म्हणजे पडद्यावर चित्र चालू असताना माईक हातात घेऊन सगळी गोष्ट आपल्या लुगांडा भाषेत सांगणारा माणूस. पडद्यावरची माणसं चिनी बोलोत, रशियन बोलोत, नाहीतर नुसती मारामारी करोत, ऐकू येतो तो व्हीजे. तो संवाद सांगतो, खलनायकाला शिव्या घालतो, नटीच्या आईला नावं ठेवतो आणि मधेच आपल्या मेहुण्याच्या दुकानाची जाहिरात करतो. अमक्याला व्हीजे पिलिपिली आवडतो म्हटलं की तो माणूस उथळ ठरतो, निदान व्हीजे ब्रिगेडियरच्या भक्तांत तरी. ब्रिगेडियरचे भक्त दुसऱ्या बाजूला रडके ठरतात. यावरून ठरत आलेली लग्नं मोडलेली नाहीत, पण एकदा मोडायची वेळ आली होती, आणि ती क्यंबद्देच्या घरात आली होती.

क्यंबद्दे जमीन कार्यालयात वरिष्ठ कारकून. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, आणि आपलं सिनेमाबद्दलचं मत हे मत नसून निकाल आहे अशी ठाम समजूत. शेजारी हाजी झिंबे. हार्डवेअरचं दुकान, मोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि असं बोलणं की माणूस खिळे घ्यायला जावा आणि हसत हसत दरवाजा घेऊन यावा. दर शनिवारी संध्याकाळी क्यंबद्देच्या मागच्या अंगणात दोन खुर्च्या पडायच्या, टीव्ही खिडकीत ठेवला जायचा, आणि दोघं भाजलेली केळी खात सिनेमा बघायचे. सिनेमापेक्षा त्यानंतरची चर्चा लांबायची. क्यंबद्देची बायको एस्तेरी म्हणायची, "सिनेमा दोन तासांचा, आणि पोस्टमॉर्टेम आठवडाभर."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हाजी माल आणायला कंपालाला गेला होता. तिथे एका व्हिडिओ हॉलमध्ये त्याने 'एकडोळ्या' पाहिला. इकडे क्यंबद्देनेही गावातल्या व्हिडिओ हॉलवाल्या मुगेर्वाकडून तोच सिनेमा पेनड्राइव्हवर भरून आणला आणि एकट्याने पाहिला. रविवारी दोघं अंगणात भेटले तेव्हा दोघांच्याही पोटात तो सिनेमा मावत नव्हता.

"काय नालायक माणूस दाखवलाय रे तो एकडोळ्या!" हाजीने बसायच्या आतच सुरुवात केली. "जमीन कार्यालयातला कारकून! विधवेचा कागद टेबलाखाली दाबून ठेवतो आणि वर तोंड करून सांगतो, उद्या या. अगदी आपल्या इथल्यासारखं!"

क्यंबद्देच्या हातातलं केळं थांबलं.

"एकडोळ्या नालायक?" तो म्हणाला. "अरे, त्या सिनेमात सज्जन असा तो एकटाच आहे. बिचारा इमानदार कारकून! नालायक तो जाड्या, हार्डवेअरवाला. सिमेंटमध्ये वाळू मिसळतो. त्याच्या सिमेंटचा पूल पडतो, म्हणून तर शेवटी एकडोळ्या पुलावर बसून रडतो."

"जाड्या? हार्डवेअरवाला?" हाजी उभा राहिला. "असं काही सिनेमात नाही! हे तू आत्ता जुळवलंस!"

"आणि टेबलाखालचा कागद तू कुठून जुळवलास?"

आता इथे थोडं खासगी सांगायला हवं. हाजीने बाजारामागे जमिनीचा एक तुकडा घेतला होता आणि त्याचा कागद क्यंबद्देच्या कार्यालयात बराच काळ मुक्कामाला होता. आणि हाजी ज्या खुर्चीत बसायचा तिच्या बरोब्बर मागे क्यंबद्देची नवी भिंत होती. हाजीच्या दुकानातल्या सिमेंटची. तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. या दोन गोष्टींबद्दल दोघं आजवर चकार शब्द बोलले नव्हते. इतक्या जवळच्या माणसाशी असलं कसं बोलायचं, असं दोघांनाही वाटायचं. त्या रविवारी हाजीची नजर भिंतीवर गेली, क्यंबद्देची हाजीवर गेली, आणि दोघांच्या मनात एकच आलं की हा सिनेमाच्या आडून मला टोमणा मारतोय.

हाजी आपली खुर्ची उचलून निघून गेला. खुर्ची त्याची स्वतःची होती हे खरं, पण ती कधी घरी गेली नव्हती.

एरवी दोन प्रौढ पुरुष सिनेमावरून रुसले तर बायका हसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण क्यंबद्देची मुलगी नास्सुना हिची क्वान्जुला, म्हणजे मागणी घालायचा समारंभ, तोंडावर आली होती. मुलाकडचे लोक भेटी घेऊन येणार, मांडवात समोरासमोर बसणार, आणि दोन्ही बाजूंचे बोलके, म्हणजे घराच्या वतीने बोलणारे, आपसात भिडणार. त्या दिवशी वधूपित्याने तोंड उघडायचं नसतं. त्याची सगळी अब्रू त्याच्या बोलक्याच्या जिभेवर असते. बोलका लंगडा पडला तर वऱ्हाडी पुढची वीस वर्षं त्याच्या नकला करतात. मुलाकडच्यांनी मसाकाहून असा बोलका ठरवला होता की त्याने म्हणे एकदा बिशपला सर्वांसमोर हसवलं होतं. आणि क्यंबद्देचा बोलका होता हाजी झिंबे.

दुसऱ्या दिवशी हाजीने निरोप धाडला. घसा बसलाय, दुसरा माणूस बघा.

"घसा बसलाय!" एस्तेरी म्हणाली. "आत्ताच दुकानात ओरडून भाव करत होता, चौकापर्यंत ऐकू येत होतं. नास्सुनाचे बाबा, जा आणि माफी मागून या."

"माफी? मी? सिनेमात जे होतं ते मी सांगितलं."

"बाबा," नास्सुना म्हणाली, "त्या बिशपला हसवणाऱ्या माणसापुढे कोण उभं राहणार? तुम्ही?"

क्यंबद्देला दरदरून घाम फुटला. चार माणसांत आभार मानायचे झाले तरी त्याचा आवाज आत जायचा.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. चर्चमधला प्रार्थना सांगणारा म्हणाला, मी बोलतो. पण तो प्रत्येक वाक्यानंतर आमेनसाठी थांबायचा. एस्तेरीचा भाऊ म्हणाला, भाड्याने माणूस आणा. पण भाड्याचा माणूस घरच्या गाईला नावाने कशी हाक मारणार? समोरची निवृत्त नर्स म्हणाली, दोघांनाही जंताचं औषध द्या. शेवटी प्रकरण गावच्या कौन्सिलच्या चेअरमन तिओपिस्ताबाईंकडे गेलं. त्यांनी शेळ्यांचे, बांधांचे, सांडपाण्याचे खटले मिटवले होते. सिनेमाचा पहिलाच.

आंब्याखाली बैठक बसली. अर्धं गाव जमलं, कारण 'एकडोळ्या' अर्ध्या गावाने पाहिला होता. तिओपिस्ताबाईंनी साक्षी घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या काही साक्षींतच त्यांनी हात वर केला.

"थांबा. हाजी, तुम्ही पाहिलात त्याचा व्हीजे कोण?"

"पिलिपिली."

"आणि क्यंबद्दे, तुमचा?"

"ब्रिगेडियर. अर्थातच."

गर्दीतून एक लांबलचक "आऽऽऽ" उमटला. मागून कुणीतरी ओरडलं की त्याने तिसऱ्याच व्हीजेचा पाहिला आणि त्यात एकडोळ्या हा पळून गेलेला दंतवैद्य आहे.

एस्तेरी समाधानाने उठली. "झालं तर मग! दोघंही खरं बोलत होते. थापा व्हीजेंनी मारल्या. हात मिळवा आणि चला घरी."

शहाण्या माणसांच्या गावात प्रकरण इथे संपलं असतं. पण क्यंबद्दे निकाल देणारा माणूस. तो उठून म्हणाला की दोन व्हीजेंपैकी एकाने तरी सिनेमाशी इमान राखलं असणार, आणि कुणी ते कळायलाच हवं. हाजी म्हणाला, कळायलाच हवं, म्हणजे कुणाची जात नालायक ते जगाला दिसेल. सिनेमात शेंड्या बांधलेले, तलवारी घेतलेले, कुठल्यातरी जुन्या काळातले लोक होते. त्यात जमीन कार्यालय नव्हतं, सिमेंटही नव्हतं आणि पूल तर लाकडी होता. हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कान भरलेले असले की डोळे सुट्टीवर जातात.

"ओरिजिनल आणा," तिओपिस्ताबाईंनी हुकूम केला. "बिनव्हीजेचं. सगळ्यांसमोर बघू."

ओरिजिनल आणण्याची जबाबदारी क्यंबद्देने छाती पुढे काढून घेतली. आयुष्यभर लोकांना हेलपाटे घालायला लावणाऱ्या खात्यातला माणूस स्वतः हेलपाटे घालायला निघाला, आणि गावाला या गोष्टीचा फार आनंद झाला.

मुगेर्वाला काय मागितलंय तेच कळेना. "बिनव्हीजेचा सिनेमा? म्हणजे मुका?"

"मुका नाही. त्यांच्या भाषेत."

"मग तो समजणार कसा? साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्याने कंपालाला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ विचार करून म्हणाला, "ओरिजिनल आहे ना. कुठल्या व्हीजेचं देऊ?"

हॉलची परवानगी हवी होती. परवानगीच्या चिठ्ठीवर कौन्सिलचा शिक्का हवा होता. शिक्का सेक्रेटरीच्या खिशात होता आणि सेक्रेटरी मावशीच्या दफनाला गेला होता. क्यंबद्दे तिथवर गेला, शोक व्यक्त केला, जेवला, आणि चार शब्द बोलण्याचा आग्रह झाल्यावर न पाहिलेल्या मावशीबद्दल दोन वाक्यं पुटपुटला. मग कळलं की शिक्का आहे पण शाईचं पॅड घरी राहिलंय. सेक्रेटरी म्हणाला, "उद्या या." क्यंबद्देने हे वाक्य जन्मभर उच्चारलं होतं. समोरून ऐकताना ते इतकं लागतं याची त्याला कल्पना नव्हती. परतीच्या मोटारसायकलवर त्याला हाजीच्या कागदाची आठवण झाली, आणि ती त्याने मोठ्या कष्टाने झटकली.

मग भाषेचा प्रश्न. ओरिजिनल आलं तरी अर्थ कोण सांगणार? सिनेमा चिनी, असं सगळ्यांनी धरलंच होतं, आणि रस्त्याच्या कामावर चिनी इंजिनियर फान होते. ते बरीच वर्षं इथे राहिलेले. लुगांडा आपल्यासारखी बोलायचे आणि तळलेले नाकतोडे आपल्यापेक्षा जास्त खायचे. क्यंबद्दे नाकतोड्यांचा डबा घेऊन कॅम्पवर गेला. फानसाहेबांनी डबा ठेवून घेतला आणि येतो म्हणाले.

शेवटी शिक्का उमटला, बिनव्हीजेचं ओरिजिनलही आलं, आणि शनिवारी मुगेर्वाचा हॉल फुटायच्या बेताला आला. बाकं भरली, खिडक्या भरल्या. पहिल्या रांगेत एका टोकाला क्यंबद्दे, दुसऱ्या टोकाला हाजी, मधे तिओपिस्ताबाई आणि फानसाहेब. क्यंबद्देच्या मागे नास्सुना बसली होती. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, सिनेमा जिंकायचा आणि हाजीकाका गमवायचे, असं नका करू." क्यंबद्देने मान हलवली.

सिनेमा सुरू झाला. एकडोळ्या घोड्यावरून आला, उतरला आणि गंभीरपणे काहीतरी बोलला.

सगळ्या हॉलने फानसाहेबांकडे पाहिलं.

फानसाहेबांनी कान टवकारले. कपाळाला आठ्या घातल्या. आणखी थोडं ऐकलं. मग फार सभ्यपणे म्हणाले, "ही माझी भाषा नाही."

"म्हणजे?" क्यंबद्देचा आवाज चिरकला.

"टोप्या माझ्या आजोबांसारख्या आहेत. भाषा कुठली ते देव जाणे. पण तुम्ही थांबू नका, घोडा छान आहे."

हॉलमध्ये शांतता पसरली. कितेंगाच्या व्हिडिओ हॉलमध्ये अशी शांतता कधी झाली नव्हती. पडद्यावर माणसं बोलत होती आणि कुणीच काही सांगत नव्हतं. लोक चुळबुळायला लागले. मग मागून एकजण ओरडला, "अरे, कुणीतरी बोला रे! जीव जाईल!" बघता बघता हॉलभर बाकं बडवली जाऊ लागली. मुगेर्वा कपाळाला हात लावून तिओपिस्ताबाईंकडे आला. "बाई, बाकं मोडतील. काहीतरी करा."

तिओपिस्ताबाईंनी पेटीतून माईक उचलला आणि मधल्या बाकावर ठेवला.

"क्यंबद्दे, इकडे या. हाजी, तुम्हीही. हा सिनेमा तुम्हा दोघांना पाठ आहे ना? मग सांगा. एक माईक, दोघांनी. मला निकाल द्यायचाय."

"माझा घसा..." हाजी म्हणाला.

"बसा!"

दोघं बसले. गुडघ्याला गुडघा लागला तसे दोघांनी पाय आखडून घेतले. हाजीने माईक घेतला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "हा एकडोळ्या. कारकून. ऑफिसला निघालाय. उन्हं डोक्यावर आली तरी आत्ता निघालाय."

हॉल खदखदला. क्यंबद्देने माईक ओढून घेतला. "उशीर झाला कारण वाटेतला पूल पडलाय. कुणाच्या सिमेंटचा ते आम्ही सांगणार नाही. तो बघा, जाड्या आला, पोट आधी आणि तो मागून."

लोक बाकांवरून घसरायच्या बेताला आले. आयुष्यात पहिल्यांदाच चार माणसांपुढे क्यंबद्देचा आवाज आत गेला नव्हता. शेजारी हाजी बसलेला असला की त्याला बोलता येत होतं. आजवर अंगणात हेच तर चालायचं. फक्त तिथे माईक नव्हता.

पडद्यावर जाड्या एकडोळ्यापुढे वाकला. हाजीने जाड्याचा आवाज काढला. "साहेब, माझा कागद? दाढी पिकली माझी."

क्यंबद्दे एकडोळ्याच्या आवाजात म्हणाला, "कागद वरच्या साहेबाकडे अडकलाय. मी रोज विचारतो." मग त्याचा आवाज आपोआप स्वतःचा झाला. "खरंच रोज विचारतो रे. तो मला हाकलून देतो. माझं तिथे कुत्रंसुद्धा ऐकत नाही, हे तुला सांगायची लाज वाटते. म्हणून मी विषयच काढत नाही."

हॉल हसत होता, कारण हॉलला वाटलं हा एकडोळ्याचाच संवाद आहे. हाजी हसत नव्हता. त्याने माईक घेतला. पडद्यावर जाड्याने तोवर तोंड उघडलं होतं.

"ते सिमेंट," जाड्या हाजीच्या आवाजात म्हणाला, "त्या खेपेला भिजून आलं होतं. विकलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ. कळलं तेव्हा तुझी भिंत उभी राहिली होती. दर शनिवारी त्या तड्याकडे पाठ करून बसतो मी. समोर बसवत नाही."

"मग बोलला का नाहीस?" एकडोळ्याने विचारलं.

"तू बोलला नाहीस म्हणून."

एस्तेरीने पदराने नाक पुसलं. फानसाहेबांनी तिच्यापुढे नाकतोड्यांचा डबा धरला.

आणि मग शेवट आला. लाकडी पुलावर एकडोळ्या एकटाच बसून रडू लागला. पिलिपिलीच्या सिनेमात तो पापाच्या टोचणीने रडला होता, ब्रिगेडियरच्या सिनेमात पडलेल्या पुलासाठी. आता हॉल वाट बघत होता. "का रडतोय?" कुणीतरी विचारलं. "सांगा ना, का रडतोय?"

माईक हाजीकडे होता. तो पडद्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, दुकानात कधी काढला नसेल अशा आवाजात म्हणाला, "आज शनिवार आहे. आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे."

क्यंबद्देचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. पडद्यावर, पुलाच्या लांबच्या टोकाला, छत्री घेतलेलं कुणीतरी दिसायला लागलं. कोण ते आजवर कुठल्याच व्हीजेने सांगितलं नव्हतं. क्यंबद्देने माईक घेतला.

"तो बघा," तो म्हणाला, "जाड्या आला. खुर्ची घेऊन आलाय."

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तिओपिस्ताबाईंनी निकाल दिला की असा 'एकडोळ्या' त्यांनी आजवर पाहिला नव्हता आणि खटला बंद. हाजीने क्यंबद्देच्या पाठीत असा धपका घातला की त्याच्या खिशातली दोन्ही पेनं उडाली. क्यंबद्देला वाटलं, छातीवर ठेवलेली सिमेंटची गोणी कुणीतरी उचलून बाजूला ठेवली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

क्वान्जुलाच्या दिवशी मसाकाच्या बोलक्याने सुरुवात जोरात केली, पण हाजीचा घसा इतका सुटलेला होता की बिशपला हसवणारा माणूस शेवटी स्वतःच हसून खाली बसला. रिवाजाप्रमाणे क्यंबद्दे सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. नास्सुना मांडवात आली तेव्हाही तो फक्त रडला आणि हसला.

जेवणाच्या वेळी फानसाहेब उत्साहाने त्याच्याजवळ आले. "अहो, कॅम्पवर एक नवा माणूस आलाय, त्याला ती भाषा येते! मी त्याला सिनेमा दाखवला. तो एकडोळ्या खरं म्हणजे..."

हाजी पलीकडून धावत आला. क्यंबद्देने रिवाज मोडला. दोघांनी एकदमच एकेक ताट फानसाहेबांच्या हातात कोंबलं आणि एका सुरात म्हणाले, "साहेब, आधी केळ्याचं मातोके घ्या. गरम आहे!"